पाहुण्यांचा माइक आणि पोरांची शर्यत

शालेय क्रीडा स्पर्धांचा मोसम आला की तालुक्या-तालुक्यांच्या मैदानांवर एक संतापजनक प्रकार सुरू होतो आणि वर्षानुवर्षे तो पाहूनही कोणाला त्याची लाज वाटत नाही. ८०० मीटरच्या मुली सकाळपासून अंग गरम करून उभ्या आहेत, ऑक्टोबरचे ऊन माथ्यावर आले आहे, निम्म्या मुलींच्या पायांत बूट नाहीत, आणि शर्यत का सुटत नाही? तर उद्घाटक अजून यायचे आहेत! ते आले की स्वागतगीत, मग शाल-श्रीफळ, मग व्यासपीठावरच्या प्रत्येक मान्यवराचे नाव, पदासकट. मैदानावर माइक एकच आणि तो सूत्रसंचालकाच्या मुठीत. ज्याला त्याची खरी गरज आहे तो क्रीडाशिक्षक घामाने भिजलेली यादी हातात धरून, घसा फोडत मैदानभर धावतो आहे: ‘चारशे मीटर, सतरा वर्षांखालील मुले, लास्ट कॉल!’

हा मैदानावरचा क्लर्क. खेळाडू पुकारायचे, गैरहजर खोडायचे, उरलेल्यांच्या हीट नव्याने बांधायच्या, लेन द्यायच्या, छातीवरचा नंबर यादीशी आणि चेहरा ओळखपत्राशी ताडून पाहायचा, ट्रॅक सिंथेटिक असेल तर बुटाचा खिळा ९ मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर आलेला नाही ना हे तपासायचे, आणि सगळ्यांना रांगेने स्टार्टरच्या हवाली करायचे, हे त्याचे काम. बंदूक वाजण्याआधीचा सगळा न्याय याच्या टेबलावर होतो. तिथे नाव खोडले गेले की पोर कितीही वेगवान असो, त्याची शर्यत संपली.

ही अतिशयोक्ती वाटते? १९७२ चे म्युनिक ऑलिंपिक आठवा. एडी हार्ट आणि रे रॉबिन्सन या दोन अमेरिकन धावपटूंनी निवड चाचणीत ९.९ सेकंदांची, म्हणजे तेव्हाच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी करणारी वेळ दिली होती. त्यांच्या प्रशिक्षकाच्या हाती जुने वेळापत्रक पडले. १०० मीटरच्या उपांत्यपूर्व फेरीची वेळ झाली तेव्हा हे दोघे मैदानावर नव्हतेच. दोघेही धावण्याआधीच बाद झाले. त्यांच्याबरोबर निघालेला रॉबर्ट टेलर आपल्या हीटला कसाबसा पोहोचला आणि त्याने पुढे रौप्यपदक जिंकले. एका कागदाने दोघांना बुडवले. त्याआधी १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत फेऱ्या मोजणाऱ्या पंचाची गफलत झाली आणि धावपटू एक फेरी जास्त पळाले. खऱ्या अंतरावर दुसरा असलेला जो मॅक्लस्की त्या फाजील फेरीत तिसरा झाला. आणि २०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धेत, सगळी आधुनिक यंत्रे हाताशी असताना, आपल्या नीरज चोप्राची पहिली फेक मोजलीच गेली नाही. त्याला ती पुन्हा करावी लागली. जिथे साधनांची रेलचेल आहे तिथे ही गत, मग फक्कीच्या रेषा आखलेल्या, खड्ड्यांच्या मैदानावर काय होत असेल?

काय होते ते आम्ही सांगतो. एक मुलगी लांब उडीच्या खड्ड्यापाशी आपल्या पाळीची वाट पाहते आहे. तेवढ्यात मैदानाच्या दुसऱ्या टोकाला तिची ४०० मीटरची हीट पुकारली जाते. दोन्ही स्पर्धा एकाच वेळी आल्या तर उडीची पाळी मागेपुढे करून देण्याची मुभा नियमात आहे. क्लर्कने उडीच्या पंचाला तेवढा निरोप धाडला की काम भागते. पण निरोप न्यायला माणूस नाही आणि माइकवर स्वागताध्यक्षांचा परिचय चालू आहे. मुलगी धापा टाकत येते तेव्हा तिची लेन रिकामी धावलेली असते. ती रडते, तिचे सर यादीवर बोट आपटून भांडतात, आणि क्लर्क मान खाली घालून पुढची हीट लावतो, कारण पुढच्या मुलांचा तरी काय दोष? त्या मुलीची त्या दिवशी फक्त एक शर्यत हुकत नाही. जिल्ह्याला जाण्याची वाट तिथेच बंद होते. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण, सरकारी नोकरीतले ५ टक्के खेळाडू आरक्षण, हे सगळे त्या वाटेने पुढे गेलेल्यांसाठीच आहे!

आणि आयोजकांनो, या क्लर्कला तुम्ही काय देता? खुर्ची नाही, सावली नाही, मदतनीस नाही. मानधनाचा विषय काढला की खेळाच्या सेवेवरचे प्रवचन ऐकवता. मंडपाला पैसा आहे, हारतुऱ्यांना आहे, फ्लेक्सला तर हमखास आहे. शिवाय हा माणूस त्याच दिवशी स्वतःच्या शाळेचा संघ घेऊन आलेला असतो. आपली पोरे वाऱ्यावर सोडून तो दुसऱ्यांची पोरे पुकारतो. काही जण या कामाचा गैरफायदा घेतात, आपल्या शाळेच्या पोराला सोप्या हीटमध्ये घुसवतात, हेही आम्ही जाणतो. तो उघड उघड अन्याय आहे आणि असल्यांना मैदानावरून हाकललेच पाहिजे. पण प्रशिक्षकालाच न्यायाच्या टेबलावर बसवणारी व्यवस्था कोणी उभी केली? तुम्हीच ना!

मांडव्याचा अविनाश साबळे आणि माणदेशातली ललिता बाबर यांची नावे भाषणात घेऊन टाळ्या मिळवणाऱ्यांनो, असली पोरे याच धुळीच्या मैदानांतून वर येतात. त्यांच्या पायांतली रग तुम्ही दिलेली नाही. तिच्या आड येऊ नका, एवढेच तुमच्या हाती आहे आणि तेही तुमच्याने होत नाही!

क्रीडा खात्याने या मोसमाचे पहिले वेळापत्रक काढण्याआधी लेखी आदेश काढावा. पहिली शर्यत छापलेल्या वेळी सुटेल, पाहुणा आलेला असो वा नसो. माइकवर पहिला हक्क क्लर्कचा. स्पर्धेत ज्याचा संघ आहे तो त्या गटाच्या टेबलावर बसणार नाही. प्रशिक्षण घेतलेले पंच, प्रत्येक टेबलाला दोन मदतनीस आणि त्यांचे मानधन त्याच दिवशी, मैदान सोडण्यापूर्वी. मंडपाचा खर्च कापला तर हा पैसा सहज निघतो. आणि आदेश निघो वा न निघो, यंदा ज्या मैदानावर पाहुण्यासाठी शर्यत थांबेल, त्या मैदानाचे, त्या आयोजकाचे आणि त्या पाहुण्याचे नाव आम्ही पहिल्या पानावर छापणार आहोत.