सरकारी घरे, बंद दिवे आणि न्यूयॉर्कचे महापौरपद

न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी ४ नोव्हेंबर २०२५ रोजी झालेल्या निवडणुकीत घरभाडे आणि गुन्हेगारी हे दोन विषय अखेरपर्यंत गाजत राहिले. डेमोक्रॅटिक पक्षाचे झोहरान ममदानी निम्म्याहून किंचित अधिक मते मिळवून विजयी झाले. अपक्ष लढलेले माजी गव्हर्नर अँड्र्यू क्युमो आणि रिपब्लिकन पक्षाचे कर्टिस स्लिवा पराभूत झाले. मात्र हे दोन्ही प्रश्न जेथे एकाच जिन्यावर एकमेकांना भेटतात, त्या सरकारी वसाहतींविषयी तिघांचीही मांडणी तोकडीच राहिली.

मुंबईचा महापौर नगरसेवकांतून निवडला जातो. तेथे प्रशासनाची सूत्रे आयुक्तांकडे, पोलीस राज्याच्या गृहखात्याकडे आणि म्हाडाही राज्य सरकारची. न्यूयॉर्कचा महापौर थेट मतदारांतून निवडून येतो. पोलीस आयुक्ताची नेमणूक तोच करतो आणि शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचा अध्यक्षही तोच नेमतो. साहजिकच या दोन विषयांवर उमेदवार काय बोलतो, याला तेथे वजन असते.

हे प्राधिकरण १९३० च्या दशकात महापौर ला गार्डिया यांच्या काळात उभे राहिले. आज त्याच्या पसाऱ्यात सुमारे १ लाख ७७ हजार घरे आहेत; म्हणजे एखादे मध्यम शहरच. या घरांची रया केव्हाच गेली आहे. गळकी छपरे, बंद पडणाऱ्या लिफ्ट, हिवाळ्यात थंड राहणारे बॉयलर, भिंतींवरची बुरशी. पुढील २० वर्षांत दुरुस्तीसाठी सुमारे ७८ अब्ज डॉलर लागतील, असा अंदाज खुद्द प्राधिकरणाने २०२३ मध्ये दिला. २०१९ पासून त्याच्या कारभारावर केंद्राच्या संमतीने नेमलेल्या निरीक्षकाची देखरेख सुरू झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर छोट्या दुरुस्तीकामांच्या कंत्राटांसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून ७० आजी-माजी कर्मचाऱ्यांवर एकाच दिवशी कारवाई झाली. प्रचार ऐन भरात असताना, १ ऑक्टोबर २०२५ रोजी, ब्रॉन्क्समधील मिचेल वसाहतीत एका उंच इमारतीचा कोपरा कोसळला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

ममदानी यांची सर्वांत गाजलेली घोषणा भाडेवाढ गोठवण्याची. ती शहरातील भाडेनियंत्रित अशा सुमारे १० लाख खासगी घरांना लागू पडते. सरकारी वसाहतीतील भाडेकरूंशी तिचा संबंध नाही, कारण त्यांचे भाडे उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के असे ठरलेले असते. त्यांची तक्रार भाड्यापेक्षा नळाची, कुलपाची आणि लिफ्टची आहे. ममदानी यांच्या जाहीरनाम्यात १० वर्षांत २ लाख नवी परवडणारी घरे आणि सरकारी घरांच्या दुरुस्तीवरील शहराचा भांडवली खर्च दुप्पट करण्याचे आश्वासन होते खरे. परंतु या खर्चासाठी कर्ज काढायचे, तर राज्याने घातलेली कर्जमर्यादा आड येते. क्युमो यांनी १० वर्षांत ५ लाख घरांचा आकडा दिला. ते १९९७ ते २००१ या काळात केंद्रात गृहनिर्माण मंत्री होते आणि सरकारी घरांच्या संख्येवर मर्यादा घालणारी फेअरक्लॉथ दुरुस्ती १९९८ मध्ये त्याच काळात संमत झाली. स्लिवा यांनी रिकाम्या पडलेल्या सरकारी घरांचा प्रश्न लावून धरला. तिघांच्या बोलण्यात तोच सर्वांत साधा आणि तातडीने हाती घेता येण्याजोगा मुद्दा होता. सर्वांत कमी मते मिळवणाऱ्याकडून तो यावा, हा योगायोग म्हणायचा.

गुन्हेगारीवरील उत्तरे ठराविक वळणाची निघाली. क्युमो यांना ५ हजार जादा पोलीस हवे होते, स्लिवा यांना ७ हजार. ममदानी यांनी पोलिसांची संख्या आहे तेवढीच ठेवून, मनोविकाराच्या प्रसंगांसाठी वेगळे ‘सामुदायिक सुरक्षा’ खाते सुमारे १.१ अब्ज डॉलर खर्चून उभारण्याचे म्हटले. पोलीस आयुक्त जेसिका टिश यांना पदावर कायम ठेवू, असे सांगून त्यांनी जुन्या पोलीसविरोधी विधानांची धार बोथटही केली. वस्तुतः २०२५ मध्ये शहरातील गोळीबाराच्या घटना नीचांकी पातळीवर आल्या. पण वसाहतींच्या वाट्याला लोकसंख्येच्या मानाने हिंसा अधिकच येते.

पोलिसांची संख्या वाढवण्याचा प्रयोग येथे नवा नाही. १९९५ मध्ये वसाहतींचे स्वतंत्र पोलीस दल शहर पोलिसांत विलीन झाले. पुढे जिन्यांत, लॉबीत रहिवाशांना व त्यांच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना अडवून घुसखोरीच्या आरोपाखाली धरण्याचे प्रकार इतके वाढले, की २०१० मध्ये शहरावर खटला भरला गेला. तो २०१५ मध्ये तडजोडीने मिटला. आपल्याच घराच्या दारात संशयित ठरलेला माणूस साक्ष द्यायला पुढे येत नाही, ही त्या धोरणाची न मोजली गेलेली किंमत.

याउलट वास्तूच्या अवस्थेचा आणि गुन्ह्यांचा संबंध अनेकदा तपासला गेला आहे. ब्रुकलिनमध्ये समोरासमोर असलेल्या ब्राउन्सव्हिल आणि व्हॅन डाइक या दोन वसाहतींची तुलना ऑस्कर न्यूमन यांनी १९७२ मध्ये मांडली. रहिवासी जवळपास सारखेच. पण उंच मनोरे आणि कोणाचीच नजर न पोहोचणारे सामाईक जिने असलेल्या व्हॅन डाइकमध्ये गुन्हे अधिक. न्यूमन यांच्या निष्कर्षांवर पुढे बराच वाद झाला. २०१६ चा प्रयोग अधिक काटेकोर होता. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने निवडलेल्या सुमारे ४० वसाहतींत प्रखर दिवे लावले गेले आणि तेथे रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. दिव्याला ना विचारसरणी लागते, ना पक्ष. तरीही प्रचारात दिव्यांना, कुलपांना आणि लिफ्टना पोलीससंख्येच्या तुलनेत नगण्य जागा मिळाली.

ममदानी यांनी १ जानेवारी २०२६ रोजी सूत्रे स्वीकारली. त्यांच्यापुढचा खरा पेच पैशाचा आहे. सरकारी घरांचा मुख्य निधी वॉशिंग्टनहून येतो आणि तो दशकानुदशके अपुरा पडत आला आहे. खासगी व्यवस्थापनाकडे वसाहती सोपवून निधी उभारण्याचा एक मार्ग आहे. २०२२ च्या राज्य कायद्याने सार्वजनिक न्यासाचा दुसरा मार्ग खुला केला. कोणता मार्ग घ्यायचा, की आहे तसेच राहायचे, याचा कौल मतपेटीतून रहिवासी देऊ शकतात. ब्रुकलिनच्या नॉस्ट्रँड वसाहतीने २०२३ च्या अखेरीस सर्वांत आधी न्यासाच्या बाजूने मतदान केले. उरलेल्या वसाहतींतील भाडेकरूंना या दोन मार्गांपैकी कोणता नव्या महापौरांना मान्य आहे, हे त्यांच्या मतदानाआधी कळायला हवे.