विश्लेषण : साखर सोडली की योनीमार्गातील बुरशीसंसर्ग थांबतो का?

साखर, मैदा, पाव, केळी, द्राक्षे बंद. इडली-डोशासह आंबवलेले सगळे बंद. वर सकाळी उपाशीपोटी लसणाची पाकळी. योनीमार्गात वारंवार खाज येणाऱ्या स्त्रियांना समाजमाध्यमांवर हमखास सुचवला जाणारा हा ‘अँटी-कँडिडा डाएट’. आपल्याकडे त्याला ‘अंगात उष्णता वाढली’ या घरगुती निदानाची जोड मिळते आणि पथ्याची यादी आणखी लांबते. या यादीला पुराव्याचा आधार फार थोडा आहे. तिच्या नादात रक्तातील साखर तपासायची राहून जाते, हा धोका मात्र खरा आहे.

संसर्ग होतो कसा?

कँडिडा ही यीस्ट प्रकारातील बुरशी अनेक निरोगी स्त्रियांच्या योनीमार्गात थोड्या प्रमाणात असतेच. तेथील लॅक्टोबॅसिलस जीवाणू तिला आवरून धरतात. प्रतिजैविकांचा कोर्स, गर्भारपण, स्टिरॉइड्स किंवा मधुमेह यांमुळे हा तोल बिघडला, की खाज, आग आणि दह्याच्या कवडीसारखा घट्ट स्राव सुरू होतो. सुमारे ७५ टक्के स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. ‘अंगावरून पांढरे जाते’ ही तक्रार मात्र नेहमी बुरशीचीच नसते. जीवाणूंचा संसर्ग, ट्रायकोमोनास, अगदी नैसर्गिक स्रावसुद्धा त्याच नावाने सांगितला जातो. तपासणीआधीच पथ्य आणि दुकानातून आणलेले मलम सुरू झाले, तर ते नेमके कशावर चालले आहे हे कोणालाच कळत नाही.

या पथ्याचा उगम कुठला?

अमेरिकेतील टेनेसीचे डॉक्टर विल्यम क्रूक यांच्या १९८३ मधील ‘द यीस्ट कनेक्शन’ या पुस्तकाने हे पथ्य घरोघरी पोहोचवले. थकवा, डोकेदुखी, नैराश्य अशा अनेक तक्रारींमागे यीस्ट आहे, असा त्यांचा दावा होता. १९८६ मध्ये तेथील अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने तो सिद्ध न झालेला तर्क ठरवला. १९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या चाचणीत निस्टॅटिन या बुरशीनाशकाने योनीमार्गाची लक्षणे कमी केली; थकव्यासारख्या बाकी तक्रारींवर मात्र ते औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरले नाही. सिद्धांत मागे पडला, पथ्य तेवढे टिकले.

साखर खाल्ली तर बुरशीला खाद्य मिळत नाही का?

वाटते तितके थेट नाही. योनीमार्गातील बुरशीला ग्लायकोजेनपासून खाद्य मिळते आणि ते ग्लायकोजेन तेथील पेशींत इस्ट्रोजेनमुळे साठते. म्हणूनच पाळी सुरू होण्याआधी आणि थांबल्यानंतर हा संसर्ग कमी दिसतो, तर गर्भारपणात वाढतो. निरोगी व्यक्तीने पेढा खाल्ला तर इन्शुलिन रक्तातील साखर मर्यादेत ठेवते. एका पेढ्याने संसर्ग होत नाही. पावातील यीस्ट कँडिडाहून वेगळी जात आहे आणि इडलीचे पीठ फुगते ते मुख्यतः जीवाणूंमुळे. त्यामुळे इडली बंद करण्याला काहीच अर्थ नाही.

दही खाण्यात नुकसान नाही. पण ते औषध म्हणून सांगता येत नाही. १९९२ मधील एका अमेरिकी अभ्यासात जिवंत जीवाणू असलेले दही रोज खाणाऱ्या स्त्रियांना संसर्ग कमी झाला. मात्र पूर्ण अभ्यास पार पाडणाऱ्या स्त्रिया अवघ्या १३ होत्या. पुढे २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील मोठ्या ऑस्ट्रेलियन चाचणीत लॅक्टोबॅसिलस देऊनही प्रतिजैविकांनंतरचा बुरशीसंसर्ग टळला नाही. लसूण बुरशी मारतो तो प्रयोगशाळेतील बशीत. त्याची पाकळी योनीमार्गात ठेवण्याचा सल्लाही फिरतो. तेथील नाजूक त्वचा त्याने भाजू शकते.

मग आहाराचा संबंध कुठे येतो?

मधुमेहात. रक्तातील साखर सतत चढी राहिली की ती ऊतींमध्ये आणि लघवीत उतरते, बुरशीला आयते खाद्य मिळते आणि तिच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मंदावतात. अशा स्त्रीने गोड आणि भात आवरला, तर संसर्गावर परिणाम दिसू शकतो. पण तो साखर आटोक्यात आल्याचा परिणाम असतो, आणि त्यासाठी बहुतेकींना औषधेही लागतात. ‘आयसीएमआर-इंडियाब’ या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. त्यातील अनेकांना आजाराचा पत्ताच नसतो, आणि वारंवार येणारी ही खाज त्याची पहिली खूण असू शकते. पुरुषांतही शिश्नाच्या टोकाला येणारी बुरशी हेच सुचवते.

आणखी एक गोष्ट दवाखान्यात क्वचितच सांगितली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. जननेंद्रियाचा बुरशीसंसर्ग हा त्यांचा परिचित दुष्परिणाम आहे. पेटंट संपल्यावर ती स्वस्त झाली आणि वापर वाढला. गोळी लिहून देताना ‘खाज आली तर येऊन सांगा’ एवढे वाक्य पुरेसे असते. ते न सांगितल्यामुळे रुग्ण स्त्री स्वतःच्या खाण्याला दोष देत राहते. काही जणी न विचारता गोळीच सोडतात.

कठोर पथ्य निरुपद्रवीही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. आधीच शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटातून फळे आणि आंबवलेले पदार्थ काढायचे, तर त्याला ठोस कारण हवे.

वर्षात तीन किंवा अधिक वेळा संसर्ग झाला तर तो ‘वारंवार’ मानतात. अशा वेळी स्रावाची तपासणी, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी आणि चालू औषधांची चौकशी आवश्यक ठरते. बुरशीनाशकाचा कोर्स कधी सहा महिने चालतो. गर्भवतींनी फ्लुकोनाझोलच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. सरकारी आरोग्य केंद्रांत मधुमेहाची नियमित तपासणी ३० वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. स्त्रीरोग विभागात ही तक्रार घेऊन वारंवार येणाऱ्या पंचविशीतल्या मुलीची साखरही तेथेच, त्याच दिवशी तपासली जायला हवी.