पातळी दिसली, विसर्ग किती?

अलास्कात ब्रुक्स पर्वतरांगेच्या उत्तर पायथ्याशी इम्नावेट नावाचा ओढा आहे. पाणलोट जेमतेम २.२ चौरस किलोमीटरचा, पण १९८५ पासून काही दशके अलास्का विद्यापीठाच्या जलशास्त्रज्ञांनी त्याचा पिच्छा पुरवला. शेजारीच उगम पावणाऱ्या कुपारुक नदीच्या वरच्या १४२ चौरस किलोमीटर क्षेत्रावरही मोजणी झाली. उगमाकडच्या खोऱ्यांत काम करणाऱ्या आपल्या वाचकांनी या नोंदी मुद्दाम अभ्यासाव्यात.

तिथली जमीन खाली कायमची गोठलेली. उन्हाळ्यात वरचा हातभर थर काय तो वितळतो. मे अखेरीस हिम वितळू लागते तेव्हा तोही गोठलेलाच असतो. मुरायला वाव नसल्याने वर्षभराच्या प्रवाहाचा मोठा भाग आठ-पंधरा दिवसांत निघून जातो, आणि नेमके हेच दिवस मोजायला सर्वांत अवघड. वाऱ्याने लोटलेल्या हिमाने पात्र भरलेले असते. वितळलेले पाणी आधी त्यात जिरते, मग त्याच्यावरून वाहते. पातळीमापक पूर दाखवतो, विसर्ग मात्र किरकोळ. उन्हाळ्यातला पातळी-विसर्ग वक्र इथे लावणे म्हणजे स्वतःची फसवणूक. करंट मीटर घेऊन वारंवार पाण्यात उतरण्याला पर्याय नाही. पर्जन्यमापकाचीही तीच गत: वाऱ्यात हिमकण त्याला बगल देतात, म्हणून वितळण्याआधी साचलेले हिम प्रत्यक्ष मोजावे लागते.

जुलै १९९९ मध्ये कुपारुकच्या या भागात दोन दिवसांहून थोड्या अधिक काळात सरासरी ८० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. कोयनेच्या खोऱ्यातल्या माणसाला हा आकडा वाचून हसू येईल. पण त्या पुराचा सर्वोच्च विसर्ग तोवर मोजलेल्या कोणत्याही हिमवितळण-पुराच्या सुमारे तिप्पट होता. हवामान तापेल तसा वितळणारा थर खोल जाऊन पाणी धरून ठेवेल, की मोठा पाऊस त्यालाही पुरून उरेल? केवळ हिमवितळणावर बेतलेली प्रारूपे याचे उत्तर देतील, असे आम्हांला वाटत नाही.

गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने २०१६ मध्ये स्पितीत साडेतेरा हजार फुटांहून उंचावर ‘हिमांश’ केंद्र उभारले. हिमालयातल्या हिमनद्यांचे गणित टुंड्रापेक्षा वेगळे, पण बर्फाने भरलेले पात्र तिथेही पातळीमापकाला चकवते. तेव्हा विसर्गाच्या तक्त्यात दोन रकाने वाढवा: पात्रात बर्फ होता का, आणि आकडा प्रत्यक्ष मोजलेला की वक्रावरून काढलेला. स्वयंचलित केंद्राच्या अंदाजपत्रकात हंगामभर तिथे राहणाऱ्या दोन माणसांचा खर्चही पहिल्यापासूनच धरा.