सोबत बसून पाहण्याजोगे

सुटीच्या दिवशी दुपारची जेवणे आटोपली, की पुष्कळ घरांतून एकच प्रश्न निघतो : आज मुलांना कोणता चित्रपट दाखवावा? पूर्वी त्यासाठी चित्रपटगृह गाठावे लागे, तिकिटांच्या रांगेत उभे राहावे लागे. आता शेकडो चित्रपट घरातल्या पडद्यावर, इतकेच काय, वडिलांच्या मोबाइलवरही हजर असतात. त्यांपैकी चित्रांना हालचाल देऊन तयार केलेले, ज्यांना लोक कार्टूनपट किंवा ॲनिमेशनपट म्हणतात, ते मुलांसाठीच असतात व म्हणून निर्धोक असतात, अशी वडीलधाऱ्यांची समजूत असते. चित्रपट लावून दिला जातो, मुले समोर बसतात आणि मोठी माणसे आपापल्या कामाला लागतात. दोन तास घर शांत असते.

ही शांतता सोयीची खरी. परंतु चित्रपट चांगला होता की नाही, याचा निवाडा तिच्यावरून होत नाही. सरकारी प्रमाणपत्रावरूनही तो पुरता होत नाही. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे ‘यू’ हे प्रमाणपत्र म्हणजे सर्वांना पाहण्याची मोकळीक. २०२४ सालापासून ‘यूए’ या वर्गातही सात, तेरा आणि सोळा वर्षे अशा वयाच्या तीन पायऱ्या करण्यात आल्या आहेत. पालकांना त्यांचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण असे प्रमाणपत्र फार तर एवढेच सांगते, की या विहिरीच्या पाण्यात विष नाही. ते पाणी गोड आहे की मचूळ, हे पिणाऱ्यालाच पाहावे लागते.

तेव्हा प्रश्नच थोडा बदलून विचारला पाहिजे. ‘हा चित्रपट मुलांना दाखवावा काय?’ असे न विचारता ‘हा चित्रपट मुलांच्या मांडीला मांडी लावून पाहावा काय?’ असे विचारावे. दोन्ही प्रश्न वरवर सारखे वाटतात, परंतु त्यांची उत्तरे नेहमी सारखी येत नाहीत. काही चित्रपट असे असतात, की शेजारी कोणी बसले काय आणि न बसले काय, काहीच फरक पडत नाही. पळापळ, आदळआपट, पुन्हा पळापळ. मध्येच एखादे गाणे. शेवटी दुष्टाचा नाश. मूल त्यात गुंगते, पण पडदा बंद झाल्यावर त्याच्याजवळ विचारण्यासारखे काही उरत नाही. असा चित्रपट मुलाचा सोबती नव्हे. तो घरच्यांनी नेमलेला राखणदार होय.

याचा अर्थ निव्वळ हसवणारी चित्रे वाईट, असा मात्र नव्हे. टॉम आणि जेरी ही मांजर-उंदराची जोडी १९४० साली पडद्यावर आली आणि तिने कित्येक पिढ्यांना खदखदून हसवले. तव्याच्या फटक्याने चपटे झालेले मांजर पुढच्या क्षणी टुणकन उठते, हे पाहून आजोबाही हसतात. पण ती चित्रे सातआठ मिनिटांची असतात. पानात डाव्या बाजूला चटणी हवीच. ताटभर चटणी मात्र कोणी वाढत नाही.

या चित्रपटांची पारख अधिक काटेकोरपणे करण्याचे एक कारण त्यांच्या घडणीतच आहे. चित्रपटाच्या एका सेकंदात डोळ्यांसमोरून २४ चौकटी जातात. १९३७ साली वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेने ‘स्नो व्हाइट आणि सात बुटके’ हा ८३ मिनिटांचा चित्रपट पुरा केला. त्याचा हिशेब मांडला, तर चौकटींची संख्या सुमारे १ लाख २० हजार भरते. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचे दिवसामागून दिवस थोडे थोडे चित्रण करून त्याचे रोप पडद्यावर पाहता पाहता वाढवून दाखवले होते. तेथे रोप निसर्गाने वाढवले, दादासाहेबांनी ते टिपले. रंगरेषांच्या चित्रपटात निसर्गाचे हे साहाय्यही नसते. रस्त्यावर कॅमेरा लावला, तर तेथून जाणारे कुत्रे आपोआप चित्रात येते. चित्रकाराच्या चित्रात ते कोणीतरी काढल्यावाचून येत नाही. पात्राच्या डोळ्यांतला एक थेंबसुद्धा कोणाच्या तरी निर्णयाने ओघळतो. म्हणून ‘सहज दाखवले गेले’ ही सबब या चित्रपटांना लागू पडत नाही. जे दाखवले, ते ठरवून दाखवले.

ठरवून दाखवलेल्या अशा एका उत्तम प्रसंगाचे उदाहरण पिक्सार या संस्थेच्या, पीट डॉक्टर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘इनसाइड आउट’ (२०१५) या चित्रपटात सापडते. त्याची नायिका रायली ही अकरा वर्षांची मुलगी आहे. मिनेसोटातले घर, मैत्रिणी, बर्फावरचा खेळ हे सारे सोडून तिला आईवडिलांबरोबर दूरच्या सान फ्रान्सिस्को शहरात यावे लागते. कथेचा बराचसा भाग तिच्या मनाच्या आत घडतो. तेथे पाच भावना पाच व्यक्ती होऊन वावरतात. त्यांतली जॉय, म्हणजे आनंद, ही सर्वांची पुढारी. सॅडनेस, म्हणजे दुःख, हिने कशालाही हात लावू नये म्हणून जॉय जमिनीवर खडूने एक वर्तुळ काढते आणि तिला त्याच्या आत उभी करते. ‘रडू नकोस, हास पाहू’ असे मुलांना सांगणारी मोठी माणसे याहून वेगळे काय करीत असतात?

पुढे रायलीच्या लहानपणीचा एक काल्पनिक सवंगडी भेटतो. हत्तीसारखा दिसणारा तो प्राणी आपली आवडती गाडी कायमची नाहीशी झाली म्हणून मटकन खाली बसतो. जॉय त्याला गुदगुल्या करते, वेडीवाकडी तोंडे करून दाखवते, खेळाचे आमिष दाखवते. त्याचा काहीच उपयोग होत नाही. मग सॅडनेस त्याच्या शेजारी जाऊन बसते, त्याचे म्हणणे ऐकून घेते. तो पोटभर रडतो, डोळे पुसतो आणि चालायला तयार होतो. जॉय हे पाहून चकित होते. दोनतीन मिनिटांच्या या प्रसंगात कोणी उपदेश करीत नाही. परंतु तो पाहणारी आई आणि तिची मुलगी, दोघीही काही शिकून उठतात. कदाचित आईच थोडे अधिक शिकते.

आता एक अवघड उदाहरण घेतले पाहिजे. फेलिक्स साल्टन यांच्या १९२३ सालच्या कादंबरीवरून डिस्ने यांनी १९४२ मध्ये ‘बांबी’ हा चित्रपट काढला. हरिणांची हालचाल हुबेहूब यावी म्हणून चित्रशाळेत जिवंत पाडसे आणून ठेवली होती. बांबी हे हरिणाचे पाडस आईच्या मागोमाग रानात हिंडते, ससा आणि स्कंक यांच्याशी मैत्री करते, गोठलेल्या पाण्यावर घसरून पडते. हिवाळा सरत आलेला असतो. हिमातून नुकतेच वर आलेले कोवळे गवत दोघे खात असतात, तोच आई मान वर करते. ती त्याला पळायला सांगते, मागे वळून पाहू नकोस म्हणते. बंदुकीचा बार होतो. पाडस झाडीत पोहोचते, मागे वळते, आई नसते. पडत्या हिमात ते हाका मारीत राहते. मेलेली हरिणी पडद्यावर दिसत नाही. ज्याने तिला मारले तो माणूसही संपूर्ण चित्रपटात एकदाही दिसत नाही. दिसते ते केवळ हिम, आणि ऐकू येते ती पाडसाची हाक.

या प्रसंगामुळे ‘बांबी’ लहान मुलांना दाखवू नये, असे म्हणणारे पालक तेव्हाही होते, आजही आहेत. निष्पाप जीवांना उगीच रडवायचे कशाला, असा त्यांचा सवाल असतो. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या घरात नुकताच कोणाचा मृत्यू होऊन गेला आहे, त्या घरात हा चित्रपट आज लावू नये, पुढच्या वर्षी लावावा. पण इतर घरांचे काय? मराठी घरांतील मुले श्रावणबाळाची गोष्ट शतकानुशतके ऐकत आली आहेत. तीतही पाण्याचा आवाज ऐकून न पाहताच सोडलेला बाण आहे, आणि तहानलेले आंधळे आईबाप आहेत. ‘बांबी’पेक्षा ती काही कमी करुण नाही. तरीही कोणत्या आजीने ती मुलांपासून लपवून ठेवली? फरक एवढाच, की गोष्ट ऐकणारे मूल आजीच्या मांडीवर असे. तिच्या आवाजाला कंप आला, की ते तिच्या कुशीत आणखी सरकत असे. गोष्टीतले दुःख मोठे होते. पण मांडीही तितकीच भक्कम होती.

‘बांबी’त दोष आहे, तो मृत्यू दाखवल्याचा नव्हे. आई आता तुझ्याजवळ असणार नाही, एवढे बांबीचा पिता त्याला सांगतो न सांगतो, तोच वसंत ऋतू येतो, फांद्यांवर पाखरे गाऊ लागतात, जणू काही झालेच नाही. येथे चित्रपटाने घाई केली आहे. पडद्यावर फुले उमललेली असतात आणि समोर बसलेले पाच वर्षांचे मूल मात्र अजून हिमातच उभे असते. ‘तिची आई कुठे गेली?’ हे ते पडद्याला विचारू शकत नाही. शेजारी कोणी असेल, तर त्याला विचारू शकते. राखणदार म्हणून लावून दिलेला ‘बांबी’ निर्दय ठरेल; सोबत बसून पाहिलेला ‘बांबी’ मोलाचा ठरेल. चित्रपट तोच, खुर्ची मात्र रिकामी असता कामा नये.

अशी घाई जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या ‘माय नेबर तोतोरो’ (१९८८) या चित्रपटात नाही, आणि म्हणूनच तो ‘बांबी’हून सरस वाटतो. सात्सुकी आणि मेई या दोन बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या जुन्या घरात राहावयास येतात, कारण त्यांची आजारी आई जवळच्या रुग्णालयात आहे. स्वतः मियाझाकी यांच्या आईनेही क्षयाने वर्षानुवर्षे अंथरूण धरले होते. या कथेत कोणीही खलपुरुष नाही. लढाई नाही, पाठलाग नाही. मुलींना रानात तोतोरो नावाचा एक भलामोठा, केसाळ, प्रेमळ वनजीव भेटतो, एवढेच नवल. पावसाळी रात्री सात्सुकी पेंगुळलेल्या मेईला पाठुंगळी घेऊन वडिलांच्या बसची वाट पाहत उभी असते. तोतोरो डोक्यावर एक पान घेऊन शेजारी येऊन उभा राहतो. ती त्याला जास्तीची छत्री देते. छत्रीवर टपटप पडणाऱ्या थेंबांच्या आवाजाने तो हरखून जातो. कितीतरी वेळ याहून अधिक काही घडत नाही, आणि तरीही तीन वर्षांचे मूल जागचे हलत नाही. मुलांना सतत गोंगाट लागतो, ही समजूत खोटी पाडण्यास एवढा एक प्रसंग पुरे.

आईची प्रकृती बिघडल्याची वार्ता येते, तेव्हा आतापर्यंत घर सांभाळणारी, शहाणी म्हणून वाखाणलेली सात्सुकी शेजारच्या आजीपुढे ओक्साबोक्शी रडते. थोरल्या भावंडालाही भीती वाटते, हे किती चित्रपट दाखवतात? धाकटी मेई तर मक्याचे एक कणीस उराशी धरून एकटीच रुग्णालयाकडे निघते, आईने ते खाल्ले की ती बरी होईल या विश्वासाने.

मात्र चित्रे आहेत म्हणजे चित्रपट मुलांचाच, ही समजूत सोडून दिली पाहिजे. ज्या संस्थेने ‘तोतोरो’ काढला, तिनेच ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा इसाओ ताकाहाता यांचा चित्रपट काढला. १९८८ साली जपानात हे दोन्ही एकाच खेळात दाखवले गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस कोबे शहरावर बॉम्ब पडल्यानंतर उपासमारीने मरणाऱ्या भावाबहिणीची ती कथा आहे. चित्रपट थोर आहे. पण शेजारी कोणीही बसले, तरी सहा वर्षांच्या मुलासाठी तो नव्हे. कॉलेजात गेल्यावर पाहावा.

भारतातही या कलेचे बीज ‘बांबी’च्याच कुळातून आले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्या चित्रपटावर काम केलेले क्लेअर वीक्स हे चित्रकार १९५६ साली मुंबईस फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले आणि त्यांनी येथील तरुण कलावंतांना चित्रे चालती करण्याची विद्या शिकवली. पुढच्याच वर्षी तेथे ‘द बनियन डिअर’ हा छोटा चित्रपट तयार झाला. त्यासाठी जी जातककथा निवडली, तीत एका गर्भिणी हरिणीवर मरणाची पाळी येते आणि तिच्याऐवजी हरिणांचा राजा आपली मान पुढे करतो. पुन्हा हरिण, पुन्हा शिकार. पण या वेळी मारणारा राजा पाहणाऱ्यांच्या समोर उभा असतो आणि त्याचे मन पालटते. ‘बांबी’ आणि ही कथा एकामागून एक पाहिल्यास घरात चांगलाच वाद रंगेल.

अलीकडच्या अनेक चित्रपटांत दोन खोडी आढळतात. मोठ्यांनी कंटाळू नये म्हणून मुलांच्या डोक्यावरून जाणारे विनोद पेरलेले असतात. बाप हसतो आणि मूल ‘काय झाले?’ म्हणून त्याच्या तोंडाकडे पाहते. हे सोबत पाहणे नव्हे. एकाच पंगतीत दोघांना निराळी पक्वान्ने वाढण्यासारखे आहे. दुसरी खोड अशी, की शेवटी एखादे पात्र कथेचे तात्पर्य मोठ्याने सांगून टाकते. मग घरच्यांना बोलण्यासारखे काही उरतच नाही.

शेजारची खुर्ची दर वेळी आईवडिलांनीच भरावी, असेही नाही. त्यांना कामे असतात. सहावीसातवीतल्या ताईदादांनाही ते सहज साधते. एकदा स्वतः पाहून ठेवलेला चित्रपट धाकट्याबरोबर पुन्हा पाहताना अवघड जागा कोठे आहे, हे त्यांना ठाऊक असते. घरच्या पडद्याला चित्रपटगृहात नसलेली एक सोयही आहे. हिमात उभे राहून बांबीने शेवटची हाक मारली, की पाखरांचे गाणे सुरू होण्यापूर्वी चित्रपट थांबवता येतो. धाकट्याने काही विचारले, तर जमेल तसे उत्तर द्यावे. त्याने काहीच विचारले नाही, तर थोडे थांबून पुन्हा सुरू करावा.