नाव फोडणाऱ्याला शिक्षा कधी?



सरकारी पैसा कुठे मुरतो, हे तुम्हाला सांगायला नको. या पत्रकात एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. प्रामाणिक अधिकारी जिवावर उदार होऊन वर गोपनीय पत्र धाडतो. त्यावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडतो आणि ते पत्र, लिहिणाऱ्याच्या नावासकट, ज्यांच्याविरुद्ध लिहिलं त्यांच्याच टेबलावर जातं. ही पद्धत म्हणजे प्रशासन नव्हे, फितुरी आहे.

सत्येंद्र दुबे हे आयआयटी कानपूरचे अभियंता, सुवर्ण चतुर्भुज महामार्गाच्या कामावर होते. निकृष्ट काम आणि पोटकंत्राटांचा खेळ बघून २००२ मध्ये त्यांनी थेट पंतप्रधानांना लिहिलं. स्वतःची ओळख वेगळ्या कागदावर दिली आणि ती गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र आणि तो कागद, दोन्ही एकत्रच खात्याखात्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गयेत त्यांना गोळी घातली गेली.

इथे हमखास ऐकवलं जातं, ‘कोर्टात तो लुटीतला खून ठरला.’ ठरला, २०१० मध्ये तिघांना जन्मठेपही झाली. पण नाव फोडलं कोणी, हा प्रश्न त्या खटल्यापुढे नव्हताच. तो आजही उभा आहे.

आपल्याकडचं बघा. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत दिसलं की दहा वर्षांत सिंचनाखालचं क्षेत्र जेमतेम ०.१ टक्क्याने वाढलं. खर्च सुमारे ७० हजार कोटी रुपये! मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी त्यावर सही करून लिहिलं, आणि त्याच वर्षी स्वेच्छानिवृत्ती मागितली. उभी हयात धरणं-कालव्यांत घालवलेला माणूस खात्याबाहेर, आणि कालवे कोरडेच. सही करून लिहिणाऱ्याच्या वाट्याला हे येत असेल, तर ज्याच्या मागे कर्ज आहे, शिकणारी मुलं आहेत, त्याने गुप्ततेच्या हमीशिवाय का लिहावं?

ही हमी देणारा जागल्या संरक्षण कायदा २०१४ मध्ये संसदेने मंजूर केला, राष्ट्रपतींची सहीही झाली. त्यात नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. तो लागू करणारी अधिसूचना मात्र निघालेली नाही. एक कागद! टोलचे दर वाढवणारी अधिसूचना कशी वेळेवर निघते?

म्हणे खोट्या तक्रारींचा पूर येईल. अहो, कायदा वाचा! जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणे तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवण्याचा २००४ चा केंद्राचा ठराव आहेच. त्या ठरावात नाव फोडणाऱ्याला तुरुंग नाही, आणि राज्याचे अधिकारी त्यात येतच नाहीत. म्हणजे पाटबंधारे, बांधकाम, महापालिका, जिल्हा परिषद, जिथे आपला रोजचा संबंध येतो तिथे तोही नाही.

आमची मागणी: अधिसूचना काढा. तोवर राज्याने स्वतःचा नियम करावा की तक्रारीची प्रत खाली जाण्याआधी नाव कापलं जाईल, आणि कापलं नाही तर शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्यावर त्याच आठवड्यात निलंबनाची कारवाई होईल. तुमच्या आमदार-खासदारांना हे लेखी विचारा, आणि उत्तरही लेखीच घ्या.