सरंजामी वाड्यांचा अर्धा इतिहास

ब्रिटनच्या ग्रामीण भागातील सरंजामदारांचे अनेक वाडे आज पर्यटकांना खुले आहेत. वारसा कराचा बोजा पेलेनासा झाल्यावर, १९३७ च्या कायद्याचा आधार घेऊन यांतील कितीतरी वास्तू नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन झाल्या. मात्र त्यांचा इतिहास किती सांगायचा, यावरून २०२० मध्ये वाद पेटला. त्या सप्टेंबरमध्ये ट्रस्टने आपल्या ९३ स्थळांचे गुलामगिरी व वसाहतवादाशी असलेले संबंध अहवालातून मांडले. इतिहासाला राजकीय रंग दिल्याची टीका झाली. त्यात हुजूर पक्षाचे खासदारही होते. ट्रस्टने कायद्याचा भंग केलेला नाही, असा निर्वाळा धर्मादाय आयोगाने २०२१ मध्ये दिला.

प्रत्यक्ष वास्तू पाहिल्या, तर ही टीका टिकत नाही. वेल्समधील पोविस किल्ल्याच्या डागडुजीला क्लाइव्ह घराण्याची संपत्ती उपयोगी पडली. टिपू सुलतानाचा तंबूही तेथेच आहे. डर्बीशायरमधील केडलस्टन हॉलच्या दर्शनी दालनातील २० अलाबास्टर स्तंभ वास्तुरचनाकार रॉबर्ट अॅडमच्या प्रतिभेची साक्ष देतात. याच वाड्याच्या धर्तीवर १८०३ मध्ये कोलकात्यात गव्हर्नर जनरलचे निवासस्थान उभे राहिले आणि याच घराण्यातील लॉर्ड कर्झन पुढे व्हाइसरॉय म्हणून तेथे राहिले.

स्थापत्याचे सौंदर्य आणि संपत्तीचा हिशेब परस्परविरोधी नाहीत. स्तंभांचे कौतुक जरूर व्हावे. पण दालनातील वस्तू तेथवर कशा पोहोचल्या, हे सांगणारा फलकही शेजारी हवा. भारतीय पर्यटकाचा तर तो हक्कच आहे.