नोकरी बदला, अनुभव टाकू नका

पुण्यात क्लासच्या पाट्या वाचत निघालात तर दर दोन चौकांना एक दिसेल : ‘सहा महिन्यांत एथिकल हॅकर व्हा, नोकरीची हमी.’ सोबत काळ्या हुडीतला, तोंड न दिसणारा पोरगा. मी हेच काम रोज करते. आमच्याकडे हुडी घालतात ती एसीच्या गारठ्यामुळे.

मी मूळची बँकवाली. सांगली जिल्ह्यातल्या एका नागरी सहकारी बँकेत टेलरच्या खिडकीपासून व्हाउचर मंजूर करणाऱ्या पासिंग ऑफिसरपर्यंत सगळं केलं. चाळिशीच्या तोंडावर सायबर सुरक्षेत आले. आता बँकांच्या यंत्रणांवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या केंद्रात, म्हणजे ‘सॉक’मध्ये, शिफ्ट सांभाळते. त्यामुळे ओळखीतल्यांचे फोन येतात : ‘कोडिंग येत नाही, वय झालंय, जमेल का?’ माझं उत्तर ठरलेलं. जमेल, पण आधीचं काम विसरून येऊ नका. तुमची खरी किंमत त्यातच आहे.

हे काम म्हणजे नेमकं काय? स्क्रीनवर अलर्ट येत राहतात. त्यातले बहुतेक खोटे निघतात. खरा कुठला, हे ओळखण्याचा पगार मिळतो. एका शनिवारी एका शाखेच्या युजर आयडीवर लागोपाठ चुकीचा पासवर्ड पडला आणि मग लॉगिन झालं. विंडोजच्या लॉगमध्ये ही जोडी ४६२५ आणि ४६२४ या क्रमांकांनी दिसते. शेजारचा इंजिनीअर मुलगा तिकीट बंद करायला निघाला. ‘पासवर्ड विसरला असेल मॅडम, रोजचंच आहे.’ लॉग त्याने बरोबर वाचला होता. पण तो चौथा शनिवार होता, शाखेला सुट्टी, आणि आयडी पासिंग ऑफिसरचा. म्हटलं, ‘अरे, सुट्टीच्या दिवशी व्हाउचर कोण पास करतंय?’ फोनाफोनी झाली. ऑफिसरसाहेब गावाकडच्या लग्नात पंगतीला बसले होते. राहिलेलं काम उरकायला त्यांनी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून क्लार्कला दिला होता. चोर नव्हता, पण चोराची सोय पुरेपूर झालेली होती.

सुट्टीचा हिशेब चोरही ठेवतात. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्याचा दुसरा शनिवार, बँका बंद. त्या दिवशी पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवहारांमध्ये चोरांनी स्वतःचं बनावट स्विच घुसवलं. बनावट कार्डांवरची मागणी बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती, हे स्विच परस्पर ‘मंजूर’ म्हणत होतं. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी आणि देशातून अडीच कोटी निघाले. सोमवारी स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश प्रणालीमार्फत आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगला गेले. मालवेअर कसं शिरलं हे शोधणं तंत्रज्ञांचं काम. पण यंत्रातून गेलेली रोकड आणि खात्यांना नावे पडलेली रक्कम यांचा ताळा जुळत नसेल, तर काळजात धस्स होतं ते रोज ताळा जुळवणाऱ्याच्या.

हे बँकेपुरतं नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या मालवेअरच्या हल्ल्याने न्हावा शेवाच्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत केलं होतं. बंदरावर कंटेनर कसे हलतात हे ठाऊक असलेला माणूस तिथल्या सुरक्षेसाठी जितका उपयोगी, तितका कोऱ्या पाटीचा पदवीधर नाही. वीज उपकेंद्रातला ऑपरेटर, रुग्णालयातली रेकॉर्ड सांभाळणारी बाई, कारखान्यातला मेंटेनन्सवाला यांनाही हेच लागू आहे.

शिकावं तर लागतंच. नेटवर्किंगचा पाया, लिनक्स आणि लॉग वाचणं याला सुट्टी नाही. पण लाखभर रुपयांच्या कोर्सआधी ‘ओव्हर द वायर’चा ‘बँडिट’ हा खेळ आणि ‘पोर्टस्विगर’ची वेब सिक्युरिटी अकॅडमी करून बघा. दोन्ही फुकट आहेत. रोज रात्री दोन तास बसवत नसेल, तर पैसे वाचले म्हणा. सीआयएसएसपीसारख्या बड्या प्रमाणपत्राला पाच वर्षांचा अनुभव लागतो, सुरुवातीलाच त्याच्या मागे लागू नका. आणि हात साफ करायला शेजाऱ्याचं वायफाय नको. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा ठरू शकतो, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रात्रपाळी असते, सुरुवातीला पगार आधीपेक्षा कमीही मिळू शकतो. घरच्यांशी आधीच बोलून घ्या.

आता माझी तक्रार. ती नोकरी देणाऱ्यांबद्दल आहे. जाहिरातीत ‘फ्रेशर’ लिहायचं आणि खाली दोन-तीन वर्षांचा अनुभव मागायचा. बीकॉम दिसलं की अर्ज बाजूला ठेवायचा. आणि मग ‘माणसं मिळत नाहीत’ म्हणून परिषदांत गळा काढायचा. खरं तर परीक्षा सोपी आहे. उमेदवारासमोर लॉगची चार पानं ठेवा आणि विचारा, यात खटकतंय काय? का खटकतंय हे साध्या मराठीत किंवा इंग्रजीत लिहून द्यायला सांगा. हे लिहिता येणं चैनीचं नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. त्या गडबडीत काय घडलं, काय माहीत आहे आणि काय नाही, हे नेमकं मांडणारा माणूस लागतो. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीला उत्तरं दिलेल्या कुठल्याही हेडक्लार्कला ही सवय असते.

देशात सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी त्यांच्यासाठी सायबर सुरक्षेची चार पायऱ्यांची चौकट आखून दिली. अनेक ठिकाणी ती बाहेरच्या कंपनीवर सोपवून संचालक मोकळे होतात. कंपनी जरूर नेमा. पण डे एंडचा, म्हणजे दिवसअखेरच्या हिशेबातला, फरक सापडेपर्यंत घरी न जाणारा एक तरी माणूस तुमच्याच शाखेत असतो. त्याला वर्षभर शिकवा, शिकण्यासाठी कामाच्या वेळेतले तास द्या आणि पद व पगार वाढवून द्या. नाहीतर तो माझ्यासारखा पुण्याला येईल, आणि मग तुमच्याच बँकेवर नजर ठेवायचं बिल तुम्हाला दर महिन्याला पाठवेल.